माजी सैनिकांचे आभार मानताना आपण नेमके कशाचे आभार मानतो?

पिंपळपान (धागाकर्ता)

या प्रजासत्ताक दिनी आमच्या गृहनिर्माण संस्थेत ध्वजवंदनानंतर संस्थेतल्या चार माजी सैनिकांचा सत्कार करायचे ठरले. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल आणि प्रत्येकाबद्दल चार वाक्ये असा बेत होता आणि ती वाक्ये लिहून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. तिघांची माहिती त्यांच्या मुलांकडून मिळाली. चौथे गृहस्थ मागच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि फारसे कोणात मिसळत नाहीत. ते लडाखमध्ये होते आणि २००० साली निवृत्त झाले, एवढेच कोणीतरी सांगितले. लडाख आणि ते साल शेजारी आल्यावर माझ्या लेखणीने पुढचे काम आपसूक उरकले आणि मी त्यांचा उल्लेख 'कारगिलच्या शिखरांवर शत्रूशी झुंजलेले आपल्यातले वीर' असा केला.

टाळ्या झाल्या. ते पुढे आले, शाल खांद्यावर घेतली, नारळ डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने माझ्याकडून माईक मागून घेतला. "मी कारगिलला नव्हतो. त्या वर्षी माझी पोस्टिंग जोधपूरला होती. लडाखला होतो ते त्याच्या आधी, आणि तिथे मी ट्रक चालवत होतो," एवढेच बोलून ते जागेवर जाऊन बसले. बसल्यावर त्यांनी शाल खांद्यावरून काढली, तिची नीट घडी घातली आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती मांडीवर ठेवली.

मला कोणी दोष दिला नाही. उलट समितीतल्या एका सदस्यांनी "एवढे काय मनावर घेता, भावना महत्त्वाची" असे म्हणून माझी समजूत काढली, आणि मला नेमके तेच पटले नाही. भावना माझी होती, सेवा त्यांची होती, आणि माझ्या भावनेला साजेल अशी सेवा मी परस्पर त्यांच्या नावावर लिहून टाकली होती.

सरकारी पातळीवर कृतज्ञतेचे दिवस ठरलेले आहेत. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी सेवेतून निवृत्त झाले, म्हणून १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन मानतात. मात्र शेजारी राहणाऱ्या एका माणसाचे दुसऱ्या माणसाने आभार कसे मानावेत, त्यात काय बोलावे आणि काय बोलू नये, याची रीत आपल्याकडे तयार झालेली दिसत नाही. ज्यांनी स्वतः नोकरी केली आहे किंवा ज्यांच्या घरात फौजी माणूस आहे, त्यांनी याबद्दल लिहावे अशी विनंती आहे.


कोरांटी

माझ्या वडिलांच्या कपाटात अकरा शाली आहेत. त्यांतली एकही त्यांनी कधी अंगावर घेतलेली नाही, आणि आई दर दिवाळीला त्या उन्हात घालून पुन्हा आत ठेवते. त्यांना आवडलेला सत्कार एकच. गावच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी त्यांना भूगोलाच्या तासाला बोलावले होते आणि फळ्यावर अरुणाचलचा नकाशा काढायला सांगितला होता. त्या तासाबद्दल ते अजूनही बोलतात.


खंदक

पिंपळपान, तुमच्या त्या ड्रायव्हर गृहस्थांनी माईक हातात घेऊन जे केले, ते मला कधी जमले नाही, म्हणून हा प्रतिसाद थोडा लांबणार आहे.

मी सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागात होतो. साडेसतराव्या वर्षी भरती झालो, जबलपूरला प्रशिक्षण झाले, आणि २४ वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो तेव्हा माझे वय बेचाळीसच्या आत होते. 'निवृत्त' हा शब्द ऐकला की लोक पांढरे केस शोधतात. पलटणीतले बरेच जवान चाळिशीच्या आत बाहेर पडतात, कारण पेन्शनसाठी जवानाची किमान १५ वर्षांची सेवा लागते आणि दल तरुण ठेवायचे असल्याने शिपायाला फार वर्षे ठेवूनही घेत नाहीत. त्या वयात मुले शाळेत असतात, घराचे कर्ज नुकतेच सुरू झालेले असते आणि दुसरी नोकरी शोधणे भागच असते. मी एका बँकेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन नऊ वर्षे उभा होतो. त्या नऊ वर्षांत रोज भेटणारी माणसे मला 'वॉचमन' म्हणत असत, आणि त्यांतलीच काही माणसे १५ ऑगस्टला माझ्या छातीवरची पदके पाहून माझ्याबरोबर छायाचित्र काढून घेत. मला दोन्हींचा राग नव्हता. मात्र ३६४ दिवस त्यांनी मला नावाने हाक मारली असती, तर छायाचित्राची गरज उरली नसती असे वाटते.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. लोक एक प्रश्न हमखास विचारतात. लहान मुले विचारतात की तुम्ही किती जणांना मारले, आणि मोठी माणसे तेच जरा सभ्य शब्दांत विचारतात. ज्याने असे काही केलेले नसते त्याला आपली नोकरी कमी पडल्यासारखी वाटते, आणि ज्याला करावे लागलेले असते त्याला ते चहाच्या टेबलावर आठवायचे नसते. म्हणून तो प्रश्न विचारूच नये. 'तुम्ही कुठे होतात आणि तुमचे काम काय होते' एवढे विचारावे आणि उत्तर ऐकायला दहा मिनिटे बसावे.

माझे काम तारेचे होते. तार टाकायची, तुटली की शोधायची आणि जोडायची. रात्री तार तुटली की एका हाताने ती धरून अंधारात चालत जायचे. हात रिकामा झाला की समजायचे, तुटली ती इथे. मग दुसरे टोक चाचपडत शोधायचे, दातांनी आवरण सोलायचे आणि गाठ मारायची. बोटे गारठलेली असत, त्यामुळे एका गाठीला कधी कधी अर्धा तास लागे. पलीकडच्या चौकीवरचा आवाज पुन्हा कानावर आला की ते काम झाले. यात सांगण्यासारखे शौर्य नाही, पण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला माणसे होती. कोणी माझे आभार मानणार असेल तर या कामाचे मानावेत, कारण हेच मी केले आहे.

आणखी एक गोष्ट. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, तीही मिळेल तेव्हा. उरलेले नऊ महिने माझ्या दोन मुलांचे आजारपण, शाळा, सासूबाईंचे ऑपरेशन आणि भाऊबंदकीतला बांधाचा वाद हे सगळे माझ्या पत्नीने एकटीने निभावले. सत्काराच्या वेळी तिला शेवटच्या रांगेत बसवतात आणि नंतर 'वहिनी, चहाचे बघता का' असे विचारतात. तुम्ही पुढच्या वर्षी कार्यक्रम करणार असाल तर एवढे तरी बदला.


तर्कट

विषय जिव्हाळ्याचा आहे हे मान्य करूनही एक शंका विचारतो. सैनिक पगार घेतो, निवृत्तिवेतन घेतो, त्याला कॅन्टीनची सोय असते. गटारात उतरणारा सफाई कामगार किंवा विजेच्या खांबावर चढणारा वायरमनही जीव धोक्यात घालतो, आणि त्याला कोणी शाल देत नाही. मग एका व्यवसायाबद्दलच विशेष कृतज्ञता का असावी? यातून इतरांची सेवा हलकी ठरत नाही का?


सावलीचे_झाड

तर्कट, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. सफाई कामगाराला शाल नव्हे तर आधी यंत्र आणि सुरक्षेची साधने मिळायला हवीत, आणि त्याचे ऋण सैनिकाच्या ऋणापेक्षा कमी नाही. पण दोन्हींत कायद्याने केलेला एक फरक आहे आणि तो पगाराच्या आकड्यात दिसत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यामुळे सैनिकाला संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही, पूर्वपरवानगीशिवाय वृत्तपत्राशी बोलता येत नाही, आणि काम पटले नाही म्हणून दुसऱ्या दिवसापासून न येण्याची सोय तर नाहीच. गैरहजेरी हा लष्करी कायद्याखाली गुन्हा ठरतो. वायरमन धोकादायक खांबावर चढायला नकार देऊ शकतो, निदान त्याच्या युनियनने तरी तो द्यावा अशी आपण अपेक्षा करतो. सैनिकाने नकाराचा हा हक्क सही करून आपल्या स्वाधीन केलेला असतो. मी वकिली करते, म्हणून मला हा भाग पदकांपेक्षा अधिक जाणवतो.


तर्कट

या बाजूने विचार केला नव्हता. कॅन्टीनचा उल्लेख मागे घेतो.


खंदक

मागे घेऊ नका. कॅन्टीनचा विषय निघाला की आम्हीच सर्वांत जास्त तक्रारी करतो.


नदीकाठ

माझे वडील हवाई दलात होते. ते गेल्यानंतर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जी धावपळ झाली, ती या धाग्यात सांगणे योग्य होईल, कारण कृतज्ञतेचा विषय निघाला की मला समारंभ आठवत नाहीत, तो सगळा काळ आठवतो.

वडिलांच्या सेवा नोंदीत आईचे नाव एक होते, आधार कार्डावर दुसरे. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडची पद्धत, त्यात माहेरचे नाव नोंदीत राहिलेले आणि जन्मतारखेच्या जागी नुसते साल. हयात असताना वडिलांनी ते दुरुस्त करायचे मनावर घेतले नव्हते, आणि ही गोष्ट बहुतेक घरांत अशीच असते. बँकेच्या ज्या शाखेत त्यांचे खाते होते, तिथे आम्हाला चार महिन्यांत पाच वेळा वेगवेगळे कागद आणायला सांगितले. आईच्या पिशवीत डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका), पीपीओची म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि दोघांचे एकत्र छायाचित्र एवढे घेऊन आम्ही फिरत होतो. ते छायाचित्र माझ्या भावाच्या मुंजीतले होते आणि त्यात वडील हसत होते, म्हणून आईला ते खिडकीतून आत सरकवणे जड जात असे.

शेवटी मार्ग निघाला तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तिथले कर्मचारी स्वतः माजी सैनिक होते. त्यांनी आईला आधी बसायला खुर्ची दिली, मग सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि अभिलेख कार्यालयाला कोणते पत्र कोणत्या क्रमाने पाठवायचे ते एका कागदावर लिहून दिले. निवृत्तिवेतनाचे बरेच काम आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेले आहे, त्यामुळे फेऱ्या कमी झाल्या असल्या तरी ज्यांना मोबाइलवर ओटीपी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी खिडकीच्या जागी पडदा आला, एवढाच बदल आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आईच्या अंगठ्याच्या रेषा भांडी घासून इतक्या पुसल्या गेल्या आहेत की यंत्र तिचा अंगठा ओळखतच नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी दर वर्षी येतो, मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय उघडतो, आईला खिडकीपाशी उजेडात बसवतो आणि "काकू, आता एकदा डोळे मिटून उघडा" असे सांगतो. पाच मिनिटांचे काम आहे. तो वडिलांना कधी भेटलेला नाही.

तुमच्या ओळखीत माजी सैनिक असतील, तर त्यांना एवढेच विचारा की पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सेवा नोंदीत, निवृत्तिवेतनाच्या आदेशात आणि आधारवर सारखी आहे का. नसेल तर त्यांच्या हयातीतच दुरुस्तीचा अर्ज भरायला मदत करा.


वाटसरू_६२

नदीकाठ यांचा प्रतिसाद वाचून एक जुनी बोच पुन्हा जागी झाली. आपण धारातीर्थी पडलेल्यांचे स्मरण बरे करतो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि 'मिलिटरी' हे विशेषण गावाच्या नावालाच चिकटले आहे. माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना मारले गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तिकडच्या मोंतोने गावानेही त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले आहे. पुण्यातले दक्षिण कमांडचे युद्धस्मारक तर नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. हे सगळे उत्तमच आहे.

पण जो परत येतो, त्याच्याशी कसे वागावे हे आपल्याला कळत नाही. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याच्या ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, आणि भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण होते. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सांगलीचा हा माणूस मधली ४६ वर्षे आपल्यातच राहत होता.

खडकीला १९७४ पासून पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा होऊन कायमचे चाकाच्या खुर्चीवर आलेले जवान तिथे राहतात. काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, काही खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. आमच्या मंडळाने तिथे जाताना फळांच्या करंड्या नेल्या होत्या. एका जवानाने करंडी बाजूला ठेवली आणि आमच्यातल्या एकाला विचारले, "बुद्धिबळ येते का?" येत होते. तिथे तो दोन तास बसला, सलग तीन डाव हरला, आणि त्यानंतर तो स्वतःहून, परवानगी घेऊन, पुन्हा पुन्हा जात राहिला. बाकी आम्ही सगळे एकदाच गेलो.


घाटमाथा

या चर्चेत एक मुद्दा सुटतो आहे. कृतज्ञता युद्धाच्या निकालावर अवलंबून असते. १९७१ मध्ये लढलेल्यांना लोक अजून खांद्यावर घेतात. माझे काका १९८८ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. त्या मोहिमेत सुमारे १,२०० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नव्हते. राजकीय कारणे काहीही असोत, जाफन्याच्या रस्त्यावर सुरुंगाच्या भीतीने पाय मोजत चालणाऱ्या शिपायाने ते धोरण ठरवलेले नव्हते. काकांना आजही कोणी 'कोणत्या लढाईत होता' असे विचारले, तर ते 'नव्हतो' म्हणतात. खोटे बोलतात असे मला वाटत नाही. समजावून सांगण्याचा कंटाळा आला आहे, एवढेच.


कोरांटी

वडिलांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण काकांची पलटण कोणती, हे विचारायला सांगितले आहे.


घाटमाथा

व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.


पिंपळपान (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. 'खंदक' यांचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी मी मागच्या इमारतीत गेलो, चुकीबद्दल क्षमा मागितली आणि तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला: तुम्ही कुठे होतात आणि काम काय होते.

दहा मिनिटांऐवजी दोन तास लागले. त्यांनी दिनदर्शिकेचे जुने पान उलटे करून त्यावर श्रीनगर ते लेह रस्ता काढला. जोजिला खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि हिवाळ्यात ती बर्फाने बंद होत असे, त्यामुळे लडाखमधल्या सगळ्या फौजेचे हिवाळ्याचे रेशन, रॉकेल, औषधे आणि दारूगोळा उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत वर पोहोचवावा लागे. ते सेना सेवा कोअरमध्ये होते आणि तीन उन्हाळे त्यांनी हीच वाहतूक केली. पहाटे डिझेल गोठलेले असे, तेव्हा इंजिनाखाली स्टोव्ह पेटवून ते पातळ करावे लागे. खिंडीत ताफा एकेरी चाले आणि दरीकडच्या बाजूला चाक किती इंच आत आहे, हे पाहायला शेजारचा सहायक दार उघडे ठेवून बाहेर लोंबकळत असे. त्यांच्या पुढच्या गाडीचा सहायक एकदा पडला. त्याचे नाव, गाव आणि गाडीचा क्रमांक त्यांनी मला सांगितला, पण तो इथे लिहिणे बरे नव्हे. पान त्यांनी मला दिले नाही, घडी घालून खिशात ठेवले.

त्यांच्या पत्नी सगळा वेळ आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. शेवटी त्यांनी सांगितले की यातले बरेचसे त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या. नदीकाठ, निघण्यापूर्वी मी नावाच्या नोंदीचेही विचारले. आधारवर आणि डिस्चार्ज बुकात फरक आहे. सोमवारी आम्ही तिघे कार्यालयात जाणार आहोत.

संस्थेच्या सूचना फलकावर दुरुस्ती लावायची म्हणून मी घरी येऊन 'नाईक, सेना सेवा कोअर, वाहनचालक, १९८३ ते २०००' असा मजकूर तयार केला आणि आज सकाळी त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, पेन मागितले आणि 'वाहनचालक' खोडून तिथे फौजेतले नाव, 'ड्रायव्हर एमटी' (मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट), असे लिहिले.